कारणाचा रकाना

दापोड्याच्या एका गोदामात परत आलेल्या पार्सलांचं टेबल आहे. गिऱ्हाइकाने नाकारलेली, पत्त्यावर कुणी न सापडलेली, फुटलेली, भिजलेली अशी दिवसाला पाच-सहाशे पार्सलं या टेबलावर येतात. प्रत्येक पार्सलापुढे ते का परत आलं याचं कारण भरावं लागतं. पडद्यावर चौदा कारणांची यादी उघडते आणि पंधरावं असतं ‘इतर’. शिफ्ट संपत आली की बहुतेकांचा हात ‘इतर’कडे वळतो. मेघाली भोईरचा वळत नाही.

एका आठवड्यात मिक्सरची चाळीस खोकी परत आली, सगळ्यांवर ‘फुटलेलं’. मेघालीने त्यातली तीन उघडली. तिन्ही एकाच कोपऱ्यात चेपलेली होती. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता माल चढवायच्या जागी जाऊन उभी राहिली. पट्ट्यावरून खोकी सरकत होती आणि एका वळणावर लोखंडी पत्र्याचं टोक प्रत्येक खोक्याला घासत होतं. कुणीतरी हातोडीने पत्रा ठोकला आणि मिक्सर यायचे थांबले. सुपरवायझर दौलत तेव्हापासून तिला म्हणतो, "ताई, तुम्ही पोलिसात पाहिजे होता. इथे फुकट गेलात."

हीच मेघाली स्वतःच्या घरात मात्र दीड वर्ष ‘वय झालं’ एवढ्या कारणावर गप्प बसली होती.

वय झालं होतं ते तिच्या सासऱ्यांचं. देवराम भोईर, अंजूरचे, वय सहासष्ट. आधी भात आणि खाडीतली जाळी, पुढे शेताच्या जागी गोदाम उभं राहिलं तेव्हा त्याच गोदामाच्या फाटकावर गाड्यांची वही. त्या वहीमुळे त्यांचं नाव झालं होतं. आत आलेला ट्रक बाहेर जाताना त्याच्या नंबरप्लेटकडे न बघता ते नंबर लिहीत. ‘हा मागल्या सोमवारी आलता, तवा ताडपत्री निळी व्हती,’ असं सहज सांगत. फाटकावर संगणक आला, तरी मालकाने वही बंद केली नाही.

मग वहीत एकच ट्रक दोनदा आत येऊ लागला. चहा पिऊन कप खाली ठेवला की देवराम चहा मागू लागले. नातीला, पूर्वाला, त्यांनी आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मालकाने गोड बोलून घरी बसवलं. शहरातल्या एका डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला, तो उजेडात धरला आणि म्हणाले, वयाप्रमाणे थोडा आकसलाय, सांभाळा. मेघालीच्या नवऱ्याने, कुमारने, तो फोटो कपाटाच्या वर ठेवून दिला. कुमार टेम्पो चालवतो. जे दुरुस्त होत नाही त्यावर वेळ घालवू नये, हे तो गाडीवरून शिकलेला.

गेल्या मार्गशीर्षात देवराम सकाळी खाडीच्या बांधावर गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ दामू त्यांना दंडाला धरून घेऊन आले आणि ओट्यावरूनच ओरडले, "तानी, घे तुझा मानूस! सोताच्या बांधावर पाहुन्यासारा फिरत व्हता. उद्यापास्ना भायेरून कडी लाव."

तानीबाई चूल सोडून बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "अवो, चप्पल कुठं टाकली?"

देवरामनी पायाकडे पाहिलं. "हाय की."

"येकच हाय."

त्यांनी पुन्हा खाली पाहिलं. "दुसरी पन आसंल."

दामू मोठ्याने हसले. मेघालीची त्या दिवशी सुट्टी होती. तिने बादली आणली आणि सासऱ्यांचा अनवाणी पाय धुवायला घेतला. टाचेत कालवाच्या शिंपीचा तुकडा रुतला होता, चांगला नखाएवढा. तिने तो चिमट्याने ओढला. रक्त आलं. देवरामांचं लक्ष टीव्हीकडे होतं. त्यांचा पाय हललासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिच्या डोक्यातून ती शिंप जाईना. विसरभोळा माणूस चप्पल विसरेल. टाचेत शिंप घुसल्यावर ओरडायचं कसं विसरेल? तिने कुमारला विचारलं.

"डॉक्टर बोलले ना, मेंदू सुकतो वयाने," कुमार म्हणाला.

"पाय पण सुकतो का?"

कुमारने आणखी एक भाकरी मागितली. पण दामूंनी सुचवलेली कडी त्याने दुसऱ्याच दिवशी बाजारातून आणून ठेवली. लावली नव्हती इतकंच. ती कडी दाराशेजारच्या कोनाड्यात, कागदात गुंडाळलेली, सगळ्यांना दिसत होती. शोधाशोध करायची तर ती कडी दाराला बसायच्या आत, हे मेघालीला कळलं.

गोदामातल्या एका मैत्रिणीने कल्याणच्या डॉ. प्राजक्ता सोहोनींचं नाव सांगितलं. त्यांच्या पाटीवर फंक्शनल मेडिसिन असं लिहिलं होतं. या नावाखाली पावडरींचे डबे विकणारे पुष्कळ आहेत आणि मेघालीच्या टेबलावर तसले डबे ढिगाने परत येतात. म्हणून तिने बसल्याबसल्या विचारलं, "मॅडम, डबे किती घ्यावे लागतील?"

"आधी रक्त तपासू. आणि त्याच्याही आधी तुम्ही अभ्यास करून यायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांची पद्धत त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. आजाराला नाव दिलं म्हणजे काम झालं, असं त्या मानत नाहीत. शरीरातलं कुठलं काम अडलंय, ते कशाने अडलं आणि त्याआधी काय बदललं होतं, हे त्या मागे मागे जात शोधतात.

मेघालीला हे समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांनी चार पानांचा कागद दिला. पहिली ओळ होती ‘माहिती देणारा’. देवराम भिंतीवरचा पंखा बघत बसले होते. मेघालीने लिहिलं: सून. खाली दहा वर्षांचा तक्ता होता. कुठल्या साली काय घडलं, खाण्यात-औषधात काय सुरू झालं, काय बंद झालं, कधीपर्यंत. तो आठवड्यात भरून आणायचा होता.

मेघालीने स्वयंपाकघरापासून सुरुवात केली.

"आई, बाबा दिवसभरात काय खातात? खरं सांगा."

"काय खातान? च्या," तानीबाई म्हणाल्या.

"चहाबरोबर?"

"बटर."

"मग?"

"मंग च्या. दुपारी भात नि डाल. तिखट लावत न्हायत तोंडाला, जीभ जलते म्हनतान."

"कधीपासून जळते?"

"आता मना पन कारन लावतेस का? लाव नि पाठव परत म्हायेरी. बग घेतान का."

मेघाली हसली, पण ‘जीभ’ हा शब्द तिने लिहून घेतला. मग औषधाचा डबा उपडा केला. पित्ताच्या कॅप्सूलच्या रिकाम्या पट्ट्या तानीबाईंनी रबर लावून जपून ठेवल्या होत्या, नवी आणताना दुकानदाराला दाखवायला. तळाशी मूळ चिठ्ठी सापडली. सहा वर्षांपूर्वीची. तिच्यावर लिहिलं होतं: रोज एक, पंधरा दिवस. दर महिन्याला घरी येताना दुकानातून ती पट्टी आणणारी मेघाली स्वतः होती. पंधरा दिवस कधी संपले हे बघायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने तक्त्यात तेही जसंच्या तसं लिहिलं. आणणारी: सून.

राहिली मासळी. खाडीकाठच्या घरात मासळी सोडलेला माणूस म्हणजे साधी गोष्ट नाही. आठ वर्षांपूर्वी पूर्वा सातव्या महिन्यात झाली, अकराशे ग्रॅमची. अडतीस दिवस काचेच्या पेटीत होती. तिसऱ्या दिवशी देवराम अंजूरहून आले, काचेला नाक लावून उभे राहिले आणि परत गेले. त्या दिवसापासून त्यांनी मासळी, मटण, अंडं, काही तोंडात घातलं नाही. नवस आहे हे सगळ्यांनी ओळखलं. कुठला, किती दिवसांचा, हे कुणी विचारलं नाही. बोलल्याने नवसाचं बळ जातं असं घरात मानतात. पूर्वा जगली, चालू लागली, शाळेत गेली आणि देवराम भात-डाळच खात राहिले. जन्माचा नवस असणार असं घराने धरून टाकलं.

मेघालीने लिहिलं: पूर्वाचा जन्म. मासळी बंद. ‘कधीपर्यंत’च्या चौकटीवर पेन थांबलं. तिच्या पोरीसाठी सुरू झालेली ही गोष्ट होती आणि ती या तक्त्यात येईल असं तिला वाटलं नव्हतं.

ती ओट्यावर जाऊन सासऱ्यांच्या शेजारी बसली. "बाबा, नवस कशाचा बोलला होतात?"

"कसला नवस?"

"मासळीचा."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. खूप खाली हात घालून काहीतरी चाचपावं तसे डोळे बारीक केले. "मासली न्हाय खायाची," शेवटी म्हणाले. "येवडं ठाव हाय."

बंधन शिल्लक होतं. ते कशासाठी घातलं, कुठे सुटायचं, हे पुसलं गेलं होतं. मेघालीने ती चौकट कोरी ठेवली. ‘इतर’ लिहिलं नाही, ‘जन्मभर’ही लिहिलं नाही.

डॉक्टरबाईंनी तक्ता दोनदा वाचला. देवरामांची जीभ पाहिली. ती लालभडक होती आणि गुळगुळीत. नसा तपासायचा, थरथरणारा एक लोखंडी चिमटा त्यांनी पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"कळतंय का काही, बाबा?"

"काय कलायचं हाय?"

गुडघ्यावर टेकवल्यावर मात्र देवराम म्हणाले, "मुंगी हाय का?" पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर ते गवतासारखे डुलले. कुमारने पुढे होऊन धरलं.

रक्ताचा अहवाल चार दिवसांनी आला. बी-बारा हे जीवनसत्त्व इतकं खाली होतं की डॉक्टरबाईंनी आकड्याभोवती दोनदा गोल केला. त्यांनी कुमारला समोर बसवून सांगितलं. मेंदूच्या आणि पायाच्या नसांवर वायरीसारखं वेष्टन असतं. ते टिकवायला हे जीवनसत्त्व लागतं. ते मासळीत, मांसात, अंड्यात, दुधात असतं. भात-डाळीत नसतं.

"मग शाकाहारी माणसं जगतात कशी?" कुमारने विचारलं.

"दूध-दही खाऊन जगतात. गरज पडली तर गोळी घेऊन. तुमच्या घरी दूध कशात जातं?"

"चहात," मेघाली म्हणाली.

"आणि खाल्लेल्यातून ते सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते सहा वर्षं रोज सकाळी गोळीने दाबलेलं. एकटा नवस एवढं करत नाही आणि एकटी गोळीही करत नाही. दोन्ही मिळाली, शरीरात होता तो साठा काही वर्षं पुरला, मग संपला. चप्पल ते विसरले नव्हते. ती पायातून गेली हे पायाला कळलंच नाही."

कुमार मेघालीकडे न बघता म्हणाला, "ही बोलली होती."

डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या ते मेघालीला आजही शब्दशः आठवतं. "सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाचं विसरणं यातलं नसतं. यांचं किती यातलं आहे ते भरून काढल्यावरच कळेल. मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवत राहायचं."

इंजेक्शन पुढे आल्यावर देवरामांनी हात मागे घेतला. "सुईत मासली हाय का?"

"नाही बाबा. हे जंतूंकडून करून घेतात. ताकात असतात ना, त्यांचे लांबचे भाऊबंद."

"मंग टोचा."

आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. पित्ताची गोळी एकदम तोडली नाही, सहा आठवड्यांत उतरवत आणली. चहा सात कपांवरून दोनावर, तोही जेवणापासून लांब. ताटात दही, भिजवलेले मूग, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी. रोज सकाळी बांधापर्यंत फेरी, कुणीतरी सोबत. तानीबाईंना यातलं दही सर्वांत जड गेलं. "सोमवारी ताक, मंगलवारी ताक. मी काय गवलीन हाय?" असं म्हणत त्या रोज विरजण लावत होत्या आणि मेघाली गोदामातून आली की आधी भांडं उघडून दाखवत होत्या, खाल्लं बघ म्हणून.

दोन आठवडे काहीच झालं नाही. दामू येता-जाता विचारत, "काय रं देवऱ्या, आज वार कंचा?" देवराम उत्तर द्यायचे नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनी उत्तर दिलं. "गुरवार. नि तू माजा पाना अजून दिला न्हायस." पाना दामूंनी खरोखर नेलेला होता, तीन वर्षांपूर्वी. दामू त्या दिवशी हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी पाना आणून ओट्यावर ठेवला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी न्हाणीतून आवाज आला, "माजी दुसरी चप्पल कुठंय? फरशी गार लागते." मेघाली कामावर निघाली होती. ती दारातच थांबली. त्या दिवशी गोदामात ती वीस मिनिटं उशिरा पोहोचली आणि दौलतने कारण विचारलं तर म्हणाली, "फरशी गार होती."

दौलत म्हणाला, "हे यादीत नाही, ताई."

कोनाड्यातली कडी कुमारने कधी काढून टेम्पोत टाकली ते कुणी पाहिलं नाही. तीन महिने होत आले तेव्हा तिथे कागदच उरला होता.

त्याच सुमाराची गोष्ट. पूर्वा बुटांचे बंद बांधून, दप्तर अडकवून निघाली. गल्लीतल्या दोन मुली फाटकाशी उभ्या होत्या. तिघी बडबडत शाळेच्या रस्त्याला लागल्या. देवराम ओट्यावरून त्यांच्या पाठीकडे बघत होते.

"ही कवापास्ना चालत जाते साळंला?"

"तिसरीपासून," मेघाली म्हणाली. "वर्ष होत आलं, बाबा. त्याआधी टेम्पोने जायची."

ते खाली बसले. मग हळूहळू, मध्ये थांबत बोलले. "मंग माजा नवस फिटला की गं. मी आईला बोललो व्हतो. वज्रेश्वरीला. पेटीतली पोर सोताच्या पायानं साळंत जाईल तवर मासली न्हाय खायाची. मंग तिला पायरीवर घेऊन येतो."

तानीबाई आतून तवा हातात घेऊनच आल्या. "आता आठवलं? बोंबील आलं बाजारात नि तोंडाला पानी सुटलं, म्हनून आठवलं! आठ वर्सं मी येगली डाल शिजवली!"

"देव्हाऱ्यातला नारल काढ," देवराम म्हणाले. "लाल फडक्यातला. सोड."

त्या नारळाला घरात कुणी हात लावत नसे. तानीबाई आठ वर्षं त्याच्या भोवतीची धूळ पुसत आल्या होत्या, वास्तूचा नारळ समजून. त्या पुढे होईनात. शेवटी मेघालीने पाय धुतले, नारळ उतरवला आणि गाठ सोडली. वाळून खडखडणाऱ्या नारळाला चिकटून प्लास्टिकची एक पट्टी निघाली, बोटाएवढी. इस्पितळाने बाळाच्या पायाला बांधलेली. शाई फिकट झाली होती, पण वाचता येत होती: मेघाली भोईर यांचे बाळ, अकराशे ग्रॅम. घरी सोडायच्या दिवशी, देवराम न्यायला आले होते तेव्हा, जुनी पट्टी कुठे गेली म्हणून तिथल्या नर्सबाई ओरडल्या होत्या, ते मेघालीला आठवलं.

नवसाची अट काय होती याला साक्षीदार नाही. देवरामांनी आपल्या सोयीने ती रचली असेल, असं दामू अजून म्हणतात. पण फडक्यात काय बांधलंय हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि तीन महिन्यांपूर्वी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

रविवारी कुमारने टेम्पो काढला. वज्रेश्वरीच्या पायऱ्या देवराम कठड्याला धरून चढले. पूर्वा दोन पायऱ्या पुढे होती आणि मागे वळून वळून म्हणत होती, "आजोबा, लवकर." ओटी भरली, नारळ वाढवला. परतताना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर थांबले. सासऱ्यांनी पाय सोडायच्या आधी मेघालीने स्वतःचा हात पाण्यात घालून पाहिला. बऱ्या होत असलेल्या पायांवर तिचा अजून पुरता विश्वास नव्हता. देवरामांनी पाय टेकवला आणि झटकन वर घेतला. "कडक हाय," ते म्हणाले.  मेघालीच्या हातातून टॉवेल पाण्यात पडला.

त्या संध्याकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर जवळा झाला. देवरामांनी पहिला घास घेतला आणि सांगितलं, "कोकम जास्त झालं." तानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी वाढलं.

सगळं परत आलेलं नाही. वही हातातून जाण्याच्या आसपासचं एक वर्ष त्यांच्याकडे जवळजवळ कोरं आहे. डाव्या पायाची बोटं अजून बधिर असतात. फाटकावर ते सकाळी दोन तास बसतात, वहीवर आता दुसरा माणूस आहे. त्याचे नंबर ते तपासतात आणि चूक काढली की दिवसभर खुशीत असतात.

सहा महिन्यांनी पुन्हा कल्याण. डॉ. सोहोनींनी जुना तक्ता काढून टेबलावर पसरला. "ही एक चौकट राहिली होती. मासळी बंद, कधीपर्यंत?"

मेघालीने पेन उचललं. मग कागद सासऱ्यांकडे सरकवला आणि पेनही. देवरामांनी चष्मा लावला. गाड्यांच्या वहीत लिहायचे त्याच उभट, दाबून काढलेल्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: पोर साळंत चालत जाय तवर. लिहून झाल्यावर त्यांनी पान वरपासून वाचायला घेतलं, बोट ठेवून, ओळ चुकू न देता. पहिल्या ओळीवर बोट थांबलं. माहिती देणारा: सून.

त्यांनी सुनेकडे पाहिलं, त्या शब्दावर एक रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: मी.